दमणगंगेच्या काठावरून सह्याद्रीच्या शिखरांकडे
(सिल्वासा येथे यात्रिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



तीर्थयात्रेचा विचार मनात आला म्हणजे मराठी माणसाचे चित्त प्रथम पंढरीकडे धावते, नाही तर काशी-रामेश्वराकडे. सिल्वासाच्या रहिवाशाने मात्र एकदा आपल्या दारावरून वाहणाऱ्या नदीलाच विचारावे की, बाई, तू आलीस कोठून? दमणगंगा नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत उगम पावते आणि हवेलीची राने भिजवीत दमणजवळ समुद्राला मिळते. त्याच सह्याद्रीच्या धारेवर, ब्रह्मगिरीच्या माथ्यावर, गोदावरी जन्म घेते आणि पाठ फिरवून पूर्वसागराची वाट धरते. तेव्हा ज्याला डोंगरातल्या देवस्थानांची यात्रा करावयाची आहे त्याने नदीच्या प्रवाहाविरुद्ध चालू लागावे. बिंद्राबिन येथे साकरतोडच्या काठी ताडकेश्वर महादेवाला बेल वाहावा आणि घाटाकडे तोंड करावे, इतकीच काय ती पूर्वतयारी.

या वाटेवर जी स्थाने लागतात ती एकाच पंथाची नाहीत. त्र्यंबकेश्वर आणि सप्तशृंगी ही हिंदूंची, त्रिरश्मीची लेणी बौद्धांची, लेण्याद्रीला बौद्ध विहारात गणपती आणि कार्ल्याला बौद्ध चैत्याच्या तोंडाशी एकवीरा. म्हणून वाटाड्याचे काम येथे नेहमीपेक्षा अवघड होते. देवळाच्या पायऱ्या किती आणि प्रसाद कोठे मिळतो एवढे सांगून त्याची सुटका होत नाही. 'हे कोणाचे?' हा प्रश्न यात्रिक विचारतोच, आणि त्याचे खरे उत्तर द्यावे की श्रोत्यांना रुचेल असे द्यावे, या पेचात पुष्कळ मार्गदर्शक दुसरा मार्ग पत्करतात.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की, या प्रदेशात डोंगर चढून देवाला जाण्याची चाल शिकविण्यास बाहेरून कोणी यावे लागले नाही. हवेलीतील आणि लगतच्या मुलखातील वारली व कोकणा बांधवांचे देव मुळातच डोंगरावरचे. मार्गशीर्षात कोकणा वस्त्यांतून डोंगऱ्यादेवाचे व्रत चालते; पावरीच्या सुरावर नाच होतो आणि अखेरीस सारी मंडळी डोंगराच्या कपारीशी जाऊन पूजा करतात. डहाणूजवळची महालक्ष्मी ही वारल्यांची परम श्रद्धेची देवता. चैत्री पौर्णिमेच्या सुमारास तिची जत्रा भरते आणि देवळामागच्या उभ्या डोंगराच्या सुळक्यावर ध्वज चढविला जातो. सप्तशृंगीच्या शिखरावरही चैत्री पौर्णिमेलाच ध्वज लागतो. किनाऱ्यालगतच्या महालक्ष्मीला आणि घाटमाथ्यावरच्या सप्तशृंगीला एकाच तिथीस शिखरावर निशाण लागावे, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

जव्हार-मोखाड्याच्या वाटेने घाट चढून गेले म्हणजे त्र्यंबक येते. त्र्यंबकाविषयी मठाच्या भक्तांना नवे सांगावे असे थोडेच. सध्याचे काळ्या दगडाचे मंदिर नानासाहेब पेशव्यांच्या आज्ञेने उभे राहू लागले, गावातच निवृत्तिनाथांची समाधी आहे, आणि पौष वद्य एकादशीला वारकऱ्यांची दिंड्यापताकांसह तेथे दाटी होते. गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना याच ब्रह्मगिरीच्या गुहेत उपदेश केला, अशी वारकरी परंपरा मानते. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या गुरुपरंपरेचे एक मूळही डोंगराच्या पोटातल्या एका गुहेपाशीच जाते. यात्रिकाने देवळातून परस्पर मोटारीकडे न वळता गंगाद्वारापर्यंत तरी चढावे. दर्शन घाईत होते, डोंगर घाईत होत नाही.

त्र्यंबकाहून नाशिक सुमारे २८ किलोमीटर. शहराच्या नैऋत्येस आठेक किलोमीटरवर, मुंबईच्या रस्त्यालगत, शंकूसारख्या आकाराची टेकडी दिसते. लोक तिला पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा आणि तिचा काही संबंध नाही. महाराष्ट्रात जेथे जेथे मोठे कोरीवकाम दिसले तेथे तेथे लोकांनी ते भीमाच्या गदेला नाही तर पांडवांच्या वनवासाला जोडून दिले. कारण एवढे काम माणसाच्या हातून झाले असेल हे त्यांना खरेच वाटेना. त्या कल्पनेत भोळेपणा आहे तसा आदरही आहे. परंतु डोंगराचे खरे नाव तेथल्याच शिलालेखांत कोरलेले आहे : त्रिरश्मी. दोन डझनांच्या आसपास असलेली ही लेणी बौद्ध भिक्षूंच्या वर्षावासासाठी आणि उपासनेसाठी इसवी सनाच्या आगेमागे खोदली जाऊ लागली. कोणी, कशासाठी, कोणत्या पैशाने, हे दात्यांनी भिंतींवर ब्राह्मी लिपीत लिहून ठेवले आहे.

यांपैकी दहाव्या लेण्यातील लेखापाशी सिल्वासाच्या यात्रिकाने हात जोडून उभे राहावे. हे लेणे उषवदात याने खोदविले. उषवदात हा शक, दिनीकाचा पुत्र, क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई. नाव ऋषभदत्त या संस्कृत नावाचे रूप. आपल्या दानांची यादी त्याने तेथे दिली आहे, आणि ती वाचताना माणूस थक्क होतो. तीन लक्ष गाई दिल्या. बार्णासा नदीवर सुवर्णदान केले आणि घाट बांधला. देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावे दिली. वर्षाला एक लक्ष ब्राह्मणांना भोजन घातले. प्रभासक्षेत्री ब्राह्मणांची लग्ने लावून दिली. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे आजचे भडोच, मंदसोर, नाशिकचा परिसर आणि सोपारा, येथे धर्मशाळा, विहिरी, तळी, बागा केल्या. आणि नंतर पुढील दान येते : इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने नावा ठेवून लोकांना विनामूल्य उतार दिला, आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया केल्या.

ही दमणा म्हणजेच दमणगंगा. पारादा म्हणजे पार नदी, दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी. सिल्वासाच्या नदीचे नाव जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी नाशिकच्या एका बौद्ध लेण्याच्या भिंतीवर कोरले गेले, आणि ते कोणत्या लढाईच्या नव्हे, कोणाच्या सीमेच्याही नव्हे, तर वाटसरूला फुकट पैलतीरी पोचविण्याच्या संदर्भात. एवढ्या जुन्या काळी नदीची आठवण काढण्याचे याहून चांगले निमित्त दुसऱ्या कोणत्या गावाला लाभले असेल, हे सांगणे कठीण.

आता ज्याच्या मनात 'कोणाचे?' हा प्रश्न आहे त्याने या माणसाचा हिशेब करून पाहावा. उषवदात जन्माने परकीय शक. तो पुष्करला जाऊन अभिषेकस्नान करतो, तीन हजार गाई आणि एक गाव देतो. ब्राह्मणभोजने घालतो. त्याच श्वासात त्रिरश्मीवर भिक्षुसंघासाठी लेणे आणि पाण्याची टाकी खोदवितो. भिक्षूंच्या अन्नाची सोय व्हावी म्हणून वाराहीपुत्र अश्वभूती नावाच्या ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापणांना शेत विकत घेतो आणि ते संघाला देतो. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी गोवर्धनातील विणकरांच्या श्रेणीकडे रक्कम कायम ठेव म्हणून ठेवतो : दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने, आणखी एक हजार शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागावयाचे नाही. व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे. आजच्या संस्थांच्या कोषाध्यक्षांनी मुद्दाम वाचावा असा हा दस्तऐवज आहे. त्याची पत्नी दक्षमित्रा हिने स्वतंत्र कोठडी दान दिल्याचा लेखही तेथेच आहे.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाची सत्ता उखडून टाकली. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा ठेवा सापडला, त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप नव्याने मारलेला आहे. शत्रूचे नाणे पुसले, त्याचा वंश उच्छिन्न केल्याचे लिहिले; पण शत्रूच्या हातून चाललेले दान? तिसऱ्या लेण्यातील लेख सांगतो की, पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेले दोनशे निवर्तने शेत गौतमीपुत्राने त्रिरश्मीच्या भिक्षूंना दिले. काही वर्षांनी आढळून आले की ते गाव ओस पडले आहे आणि शेत कोणी कसत नाही. तेव्हा त्याऐवजी नगराच्या सीमेवरची शंभर निवर्तने राजकीय जमीन देण्याची आज्ञा निघाली. पडीक जमिनीचे दान दिले की कर्तव्य संपले, असे राजाने मानले नाही. कार्ल्यालाही तसेच. उषवदाताने तेथील भिक्षूंना दिलेले करजिक गाव सत्तांतरानंतरही सातवाहनांच्या आज्ञेने त्यांच्याकडेच राहिले.

गौतमीपुत्राची माता गौतमी बलश्री हिचा लेख त्याच तिसऱ्या लेण्यात आहे. पुत्राच्या निधनानंतर, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी तो कोरला गेला. पुत्राचे वर्णन करताना ती त्याला अद्वितीय ब्राह्मण म्हणते, राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्याशी त्याची तुलना करते. आणि ज्या लेण्याच्या अर्पणासाठी हे सारे लिहिले आहे ते लेणे ती भद्रायनीय भिक्षूंच्या संघाला देते. त्या बौद्ध विहाराला उपमा देते कैलासशिखराची. शिवभक्ताने हे वाचून सुखवावे की बौद्ध उपासकाने? पुत्रशोक झालेल्या त्या वृद्ध राणीला दोघांपैकी कोणालाही वगळावयाचे नव्हते, हे उघड दिसते.

पण चित्र सगळेच गोड नाही, आणि वाटाड्याने ते गोड करूही नये. उषवदाताच्या त्याच दहाव्या लेण्यात मागील भिंतीवर स्तूप कोरलेला होता. उत्तरकाळात कोणी तरी तो तासून त्यातून भैरवाची मूर्ती काढली. तिसऱ्या लेण्यातला स्तूप शाबूत राहिला, दहाव्यातला राहिला नाही. अकराव्या लेण्यात तर तीर्थंकरांच्या प्रतिमा आहेत. वस्ती रिकामी झाली, नवे उपासक आले, त्यांनी आपल्या देवाला जागा केली. त्यात सर्वत्र वैरच होते असे नाही, आणि सर्वत्र प्रेमच होते असेही नाही.

नाशिक सोडण्यापूर्वी आणखी एका गोष्टीचा उच्चार टाळता येत नाही. २ मार्च १९३० रोजी याच नगरीत काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. वर्षानुवर्षे चालला. दार उघडले नाही. १९३५ साली याच जिल्ह्यातील येवल्याला त्यांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, आणि १९५६ साली नागपुरास बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्रिरश्मीच्या पायथ्याशी आज बुद्धविहार आहे, आणि पायऱ्यांवर भेटणाऱ्या पुष्कळ यात्रिकांच्या घरात काळारामाच्या बंद दाराची आठवण आहे. त्यांच्या दृष्टीने ती लेणी म्हणजे जुने कोरीवकाम नव्हे, ते तीर्थ आहे. देवळातून लेण्यांकडे जाणाऱ्या हिंदू भक्ताने तेथे पादत्राणांनिशी हिंडावे, स्तूपाशी टेकून फोटो काढावा, मोठ्याने हसावे-खिदळावे, हे त्र्यंबकाच्या गर्भगृहात जितके असह्य वाटेल तितकेच तेथे वाटले पाहिजे.

वाटेच्या हक्काचा विषय निघालाच आहे तर हवेलीची एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. पेशव्यांशी १७७९ साली झालेल्या तहान्वये हवेलीतील गावे पोर्तुगिजांकडे गेली. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा, नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यात सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी मराठी मंडळी होती, हे सर्वश्रुत आहे. त्यानंतर पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला तो कशाचा? दमणहून हवेलीला जाण्याच्या वाटेच्या हक्काचा. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला : खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांपुरता असा हक्क होता, सशस्त्र फौजांना मात्र तो नव्हता, आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही. पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, दादरा व नगर हवेली भारतात विलीन झाली. ज्या दमणा नदीवर उषवदाताने कोणाला काही न विचारता नाव ठेवली होती, तिच्याच काठच्या वाटेसाठी सातासमुद्रापलीकडे न्यायाधीशांना वर्षानुवर्षे कागद वाचावे लागले! असो.

नाशिकहून उत्तरेस वणीचा गड. साडेतीन शक्तिपीठांतील अर्धे पीठ म्हणून सप्तशृंगीची ख्याती. अठरा हातांची ही देवी खडकातच कोरलेली आहे. खानदेशातून चैत्रात अनवाणी पायांनी येणाऱ्या यात्रिकांचे लोंढे ज्याने पाहिले त्याला भक्ती शब्दांत सांगावी लागत नाही. २०१८ पासून वर जाण्यास रुळांवरची गाडीही झाली आहे. वृद्धांची सोय झाली, हे चांगलेच. २०२२ साली मंदिर काही आठवडे बंद ठेवून मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या चढलेला शेंदराचा थर काढण्यात आला, आणि खालचे मूळ रूप दिसू लागले. तेव्हा कित्येक भक्त गहिवरले, तर कित्येकांना आपली नित्याची आई दिसेनाशी झाली असे वाटले. दोन्ही भाव खरे होते. शेंदूरही भक्तांचाच आणि खालचा खडकही देवीचाच.

हीच गोष्ट जुन्नरजवळच्या लेण्याद्रीला अधिक तीव्रतेने जाणवते. कुकडीच्या खोऱ्यात दक्षिणेकडे तोंड करून डोंगराच्या पोटात तीसएक लेणी ओळीने आहेत. सुमारे तीनशे पायऱ्या चढून गेल्यावर सातव्या लेण्यात गिरिजात्मज गणपती, अष्टविनायकांपैकी एक. भलेमोठे दालन, मध्ये एकही खांब नाही, आणि तिन्ही बाजूंना मिळून वीस कोठड्या. देवापुढे बसलेल्या भक्ताने क्षणभर मान वळवून त्या कोठड्या मोजाव्यात. त्या भिक्षूंच्या निवासाच्या. मागच्या ओळीतील मधल्या दोन कोठड्या एक करून गणपतीचे स्थान झालेले आहे. पार्वतीने पुत्रप्राप्तीसाठी येथे बारा वर्षे तप केले, असे भक्त मानतात. शेजारच्या सहाव्या लेण्यात खांबांचे सुंदर चैत्यगृह आहे. ते कल्याणच्या सुलसदत्त नावाच्या गृहस्थाने दान दिले, असा लेख आहे.

येथे वाटाड्याची खरी कसोटी. काही जण शेजारचे चैत्यगृह दाखवितच नाहीत; भक्तांना उशीर होतो हे निमित्त. उलट काही जण इतिहासाच्या उत्साहात असे बोलतात की नारळ हातात धरलेल्या म्हातारीला आपण कोणाचे तरी घर बळकावून बसलो आहोत असे वाटावे. दोघेही यात्रिकावर अविश्वास दाखवितात. जिने दहा मैल चालून तीनशे पायऱ्या चढण्याचे बळ गोळा केले, तिच्या श्रद्धेला भिंतीवरच्या दोन ओळी वाचून तडा जाईल, हे कशावरून? तिला सांगावे : आजी, येथे गणरायाच्या आधी भिक्षू राहत होते, ध्यान करीत होते, आणि ही जागा त्यांच्यासाठी कल्याणच्या एका सज्जनासारख्या अनेकांनी पदरमोड करून खोदविली. ती बहुधा दोघांनाही नमस्कार करील. शिकलेली मंडळीच हुज्जत घालीत बसतात.

तेथून घाटाच्या कडेने लोणावळ्याच्या अंगाला आले म्हणजे कार्ला. एकवीरेच्या पालखीला चैत्रात कोळी-आगरी बांधवांची अलोट गर्दी उसळते. मुंबई, ठाणे, रायगडच्या किनाऱ्यांवरून समुद्रावर पोट असलेली माणसे डोंगरावरच्या आईला भेटावयास येतात. देवीचे देऊळ चैत्यगृहाच्या अगदी दाराशी आहे, आणि दर्शनाची रांग लागली म्हणजे त्या अजस्र लेण्याकडे बहुतेकांची पाठ असते. यात्रिकांच्या तुकडीला येथे घाई करू देऊ नये. हे चैत्यगृह जवळजवळ १२४ फूट लांब. भारतातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने ते पूर्णत्वास नेले, आणि जंबुद्वीपात याहून उत्तम शिलागृह नाही असा अभिमान त्याने लेखात व्यक्त केला आहे. खांबांवर दात्यांची नावे आहेत. त्यांत धेनुकाकट गावचे कित्येक यवन आहेत. गंधविक्रेता आहे. राजाने आज्ञा दिली आणि झाले, असे हे काम नव्हे. एकेक खांब एकेकाच्या पुण्याईने उभा राहिला.

वर मान करून पाहावे. कमानीसारख्या छताला लाकडी फासळ्या लावलेल्या आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळ मूळच्याच, दोन हजार वर्षांच्या. दगडात कोरणाऱ्यांना लाकडाची सवय सुटली नव्हती. मग बाहेर येऊन दाराजवळचा लहानसा लेख विचारावा. तो कोणा श्रेष्ठीचा किंवा क्षत्रपाचा नाही. वेणुवासाचा पुत्र सामी, धेनुकाकटचा सुतार. या घराचे दार त्याने केले, एवढेच त्यात लिहिले आहे. त्या दारातून बाहेर पडले की समोर एकवीरेच्या घंटा वाजत असतात.